सोबतीची अट

“समुद्राच्या तळाशी काय ठेवलंय तुझं?” नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवत आपल्या आईला विचारलं.

“मासे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि प्रवाळ. फोटोत खूप पाहिले. आता डोळ्यांनी पाहायचेत.”

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. बाहेर असा गारठा होता की खिडकीच्या काचा दुपारपर्यंत धूसर असायच्या. सासूबाई दोन स्वेटर आणि मफलर गुंडाळून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर निळ्याशार पाण्यातल्या एका बेटाची पुस्तिका उघडी होती. वय एकाहत्तर. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून काढलेली. वकिलांचं ऐकून ऐकून वाद घालायला त्या पक्क्या झालेल्या.

“गुडघे बघ तुझे.”

“गुडघ्यांनाच ऊब हवीय. विचार डॉक्टरांना.”

“तुला पोहता येत नाही, आई.”

“तोंडाला नळी लावून तरंगायचं असतं. जाकीट देतात. दगडसुद्धा तरंगेल.”

नवरा विमा कंपनीत होता. कुठे काय धोका आहे हे हुडकणं त्याचं कामच. आवाज तो कधी चढवत नसे. हळू बोलायचा, आणि त्याच्या हळू बोलण्यावर विषय संपायचा. सहा वर्षांपूर्वी सून तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ओल्या केसांनी घरी येणारी बायको बरी दिसत नाही, हेही तो असंच हळू म्हणाला होता.

“हा विषय संपला,” तो म्हणाला आणि कामावर गेला.

सासूबाईंचा विषय मात्र संपला नाही. दोन दिवसांनी त्या जेवायला बसल्या त्या पाण्याखालचा चष्मा लावून आणि तोंडात नळी धरून.

“हे काय?”

“सराव,” त्या नळीतूनच म्हणाल्या. आवाज पिंपातून आल्यासारखा घुमला. सुनेला हसू आवरेना. नवऱ्याने बघितलं तशी ती पोळी आणायला आत पळाली.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. दुपारी सासूबाई जुनं मशीन काढून बेटावरच्या स्नॉर्केलिंग केंद्राला खडाखड पत्रं टाइप करायच्या. मध्येच हाक मारायच्या.

“अगं, तू तलावावर किती वर्षं होतीस?”

“चार.”

“आणि पोरं किती शिकवलीस?”

“सव्वाशे तरी असतील. कशाला?”

“चौकशा फार करतात गं ते लोक,” म्हणत त्या पुन्हा टाइप करायला लागायच्या.

मग एका रविवारी त्यांनी केंद्राचा नियम मुलासमोर ठेवला. पासष्टच्या पुढच्या माणसाला एकटं पाण्यात सोडत नाहीत. सोबत घरचं कुणीतरी हवं. त्याला पोहता यायला हवं, आणि त्याचं मूळ प्रमाणपत्र बरोबर हवं.

“तू चल,” त्या म्हणाल्या.

“मला कुठे पोहता येतं? आणि सुट्टी कोण देणार?”

“मग मी एकटी जाते. काठावरून बघेन. तिथे कुणी विचारलं तर सांगेन, मुलाला सवड नव्हती.”

नवऱ्याचा चेहरा पडला. लोक काय म्हणतील, हा एक धोका त्याला कधीच परवडत नसे.

“हिला घेऊन जा,” तो शेवटी म्हणाला. येशील का, असं त्याने सुनेला विचारलं नाही. तिला पुढचं सगळं दिसायला लागलं: आठ दिवस गोळ्यांच्या वेळा, गरम पाण्याची पिशवी आणि सासूबाईंचा हट्ट.

त्याने स्वतःचं कपाट उघडलं. सुनेची सगळी कागदपत्रं तिथेच असायची. त्याने फाइल तिच्या हातात दिली.

“आल्यावर जागच्या जागी ठेवायची. आणि आईला क्षणभरही सोडायचं नाही. तू मजा करायला जात नाहीयेस.”

“नाही,” ती म्हणाली.

बेटावर पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई केंद्राच्या छपराखाली खुर्ची टाकून बसल्या. त्यांनी फाइल मांडीवर घेतली.

“आधी तू जाऊन बघ पाणी कसं आहे ते.”

“मी एकटी?”

“नाहीतर काय! मला काही बुडायचं नाहीये.”

सून पाण्यात शिरली. पहिल्या चार हातांतच खांदे सैल झाले. खाली जांभळी प्रवाळं पसरली होती. पिवळ्या माशांचा एक थवा तिच्या पोटाखालून गेला, आपलं काही अडलेलं नाही अशा थाटात. तिने श्वास रोखला, खाली बुडी मारली, पुन्हा वर आली, पुन्हा बुडी मारली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. आपण सासूबाईंना तासभर विसरलो, हे आठवल्यावर ती धडपडत किनाऱ्याकडे आली.

सासूबाई मजेत होत्या. शेजारी केंद्राच्या प्रमुख बाई उभ्या होत्या, हातात सुनेचं प्रमाणपत्र घेऊन.

“आई, चला. पाणी छान उबदार आहे. मी हात धरते.”

“मी? छे गं! मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा धास्ती वाटते.”

सून निथळत उभीच राहिली.

“पत्रात लिहिलं होतं तसंच पोहता तुम्ही,” प्रमुख बाई म्हणाल्या. “सोमवारपासून मुलांची पहिली बॅच घ्या. खोली मागच्या अंगणात आहे. लहान आहे, पण तुमची एकटीची.”

“आई, हे काय? शनिवारी आपल्याला परत जायचंय!”

सासूबाईंनी फाइलमधून एक टाइप केलेला कागद काढला आणि त्यावर पेन ठेवलं.

“सही मी केलेली नाही. ती तुझी तू करायची,” त्या म्हणाल्या. “आणि परतीचं तिकीट मी एकच काढलंय.”