अहो-जाहो

पाळणाघराच्या दारात हिरामावशींनी हात पुढे केले. "द्या बाळाला. आज लवकर आलात तुम्ही?"

शलाका उंबरठ्यातच थबकली. वर्षभर 'अगं शलाके' म्हणणाऱ्या मावशी आज चक्क अहो-जाहो करत होत्या. म्हणजे त्यांनी वाचलं होतं.

पालकांच्या ऑनलाइन ग्रुपवर तिनं निनावी लिहिलं होतं, की या मावशी पोरांना झोपेचं औषध पाजतात. पाहिलं काहीच नव्हतं, नुसता संशय. पण कालपासून लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखणारी यंत्रणा सुरू झाली होती, आणि जुन्या निनावी मजकुरांखालीसुद्धा खरी नावं उमटली होती.

"मावशी, मी ते..."

"असू द्या हो. शिकलेली माणसं तुम्ही."

छोटी रेवा मावशींकडे झेपावली. रागाच्या भरात या बाईनं हिला काही केलं तर? शलाकानं तिला इतकं घट्ट आवळलं की पोर रडायलाच लागली.

मावशींनी हात मागे घेतले. "राहू द्या तुमच्याकडेच. खुर्ची टाकते, बसा दिवसभर." त्या खुर्ची आणायला वळल्या. "तुमच्या लेकीला हात लावायची आता मलाच भीती वाटते."