दुसरीचा नंबर

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर ऐकतच नाही!" मालन सिस्टर टॅब घेऊन खाटेपाशी आल्या. "दुसऱ्या बाळाची नोंदच घेत नाही. म्हणतं, हे बाळ आधीच नोंदवलंय. आणि नंबरचा पट्टा बांधल्याशिवाय बाळ आईकडे द्यायचं नाही, हा नियमही तुमचाच!"

शाल्मलीच्या कुशीत पहिली लेक होती. दुसरी काचेपलीकडे टाहो फोडत होती. दवाखान्याचा हा प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी शाल्मलीनेच लिहिला होता. आईचा मोबाइल नंबर आणि जन्माची वेळ जोडून त्यात बाळाचा नंबर तयार व्हायचा. "वेळेऐवजी काउंटर लाव, पहिलं बाळ, दुसरं बाळ," असं सहकारी इम्तियाज तेव्हा परोपरीने सांगत होता. तिने त्याला उडवून लावलं होतं, "एका बाईला एकाच मिनिटात दोन बाळं होतात होय?"

आज सिझेरियनमध्ये दोघी एकाच मिनिटाला जन्मल्या होत्या.

तिने इम्तियाजला फोन लावला. "जिंकलास बाबा. घाल तुझा काउंटर." तो एवढा हसला की सिस्टरांनाही ऐकू गेलं. पंधरा मिनिटांत पट्टा छापून आला आणि दुसरी लेक दुसऱ्या कुशीत विसावली. रडणं तिथल्या तिथे थांबलं.

इम्तियाज अजून फोनवरच होता. "काउंटर कितीपर्यंत जाऊ देऊ?"

"बाकीच्यांचा जाऊ दे हवा तितका," हसताना दुखणारे टाके दाबत शाल्मली म्हणाली. "माझा दोनवरच थांबव!"