डॉक्टरांची हजेरी

खानझोडे डॉक्टरांनी आपलं ओळखपत्र लांजेवार सिस्टरच्या गळ्यात अडकवलं. "आत जाताना मशीनला दाखवायचं, संध्याकाळी निघताना पुन्हा दाखवायचं. मशीन तोंड बघत नाही. मधल्या वेळात एसीत झोपा खुशाल."

बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचं ते दिवसभराचं शिबिर होतं आणि डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला डॉक्टरांना त्याचे क्रेडिट पॉइंट हवे होते. पण तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या माणसाला आता कोण काय शिकवणार? ते साडूच्या वास्तुशांतीला जेवायला गेले. पुढे सर्टिफिकेट आलं, तेही फ्रेम होऊन त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर चढलं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या दवाखान्यात एक पहिलटकरीण बाळंत झाली. डॉक्टरांनी एक नजर टाकली, "एवढं जातंच," म्हणाले आणि हातमोजे उतरवायला लागले.

"अर्धा लिटर झालंय, सर. अजून थांबत नाही." शिबिरातून आणलेली, मापाच्या खुणांची पिशवी सिस्टरनी बाईच्या खाली आधीच अंथरली होती. डॉक्टर खुणा वाचेपर्यंत सिस्टरनी एका हाताने गर्भाशय चोळायला घेतलं होतं आणि कोणती इंजेक्शनं भरायची ते दुसऱ्या नर्सला सांगूनही झालं होतं. डॉक्टर सांगितलं तेवढं करत राहिले. अर्ध्या तासाने रक्त थांबलं, बाईने पाणी मागितलं.

"हे कधी शिकलात तुम्ही?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"मी कुठे, सर," हात धुता धुता सिस्टर म्हणाल्या. "शिकलात तुम्ही. भिंतीवर लावलंय ना."