पेन्सिलचं प्रश्नचिन्ह

गिटारवादक सरदेसाईंनी पुस्तकाची प्रुफं माझ्या अंगावर फेकली. "हे गाणं माझं, शहात्तर सालचं. आमच्या बँडमधला सोराब त्याआधीच वारला होता. संगीतकार म्हणून त्याचं नाव कशाला घुसवता? कधी गिटार हातात धरलीय?"

"नाही," मी पुटपुटलो. शहरातल्या रॉक बँडच्या इतिहासातल्या तारखा तपासणं एवढंच माझं, एका निवृत्त शाळामास्तराचं, काम. "पण सोराबच्या बहिणीने दिलेल्या या गाण्याच्या टेपवर 'चौऱ्याहत्तर' लिहिलंय," मी म्हणालो. मलाच खात्री नव्हती, म्हणून त्याच्या नावापुढे प्रुफात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"तारीख काय, कुणीही लिहील, मास्तर!"

मी बरोबर आणलेल्या टेपरेकॉर्डरवर ती टेप लावली. गाणं संपलं. मग एक तरुण आवाज हसत ओरडला, "सोऱ्या, काय गाणं केलंस रे!"

आवाज सरदेसाईंचाच होता.

"बंद करा ते! आणि चालते व्हा."

मी खिशातलं खोडरबर काढलं, त्यांच्यासमोरच प्रुफातल्या सोराबच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि उठलो.