ठसकाबाई लाइव्ह आहे

डावा पाय पडला की कॅमेरा खाली, उजवा पडला की वर. तनुजानं बटण दाबून पाहिलं. पडद्यावरची ठसकाबाई दोन पावलं चालली आणि अख्खं अंगण तिच्यासोबत लंगडलं.

जमलं होतं. हसू मात्र आलं नाही.

ठसकाबाई म्हणजे तनुजानं कॉम्प्युटरवर बनवलेली सासू. नऊवारी, ठसठशीत कुंकू, कमरेवर हात. लॅपटॉपसमोर कुणी बसलं की ती खाटेवर येऊन बसायची, त्याचं तोंड हललं की तिचं हलायचं. दुपारी लेकरू झोपलं की तनुजा आवाज काढायची आणि लातूर-नांदेडच्या शेकडो सुना फोनवर पोट धरून हसायच्या.

चाल कुणाची, आवाज कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळीच तनुजानं अंगण झाडणाऱ्या सासूची, धुरपताबाईंची, पावलं मोजली होती.

"काय बघून राहिलीस गं?"

"काही न्हाई, आत्याबाई."

"मग च्या घे आधी. पार गारढोण झालाय."

तो चहा तिनं तसाच ठेवला होता. आज शेवटचं, असं तिनं स्वतःला बजावलं. गेल्या सोमवारीही बजावलं होतं.

धुरपताबाई शेजारी कमलम्माकडे शेवया करायला गेल्या, तशी ती लाइव्ह आली. नवी चाल दिसताच कॉमेंटांची झुंबड उडाली.

"अगं, ही तर आमचीच!"

"अजून एकदा चालव की!"

तिनं पुन्हा चालवली. कान तापले होते.

आता शेवटची करामत उरली होती. ठसकाबाई खाटेवर बसून बोलू लागली, की कॅमेरा आपोआप हळूहळू तिच्या चेहऱ्याकडे सरकणार. तेवढ्यात आतून लेकरानं टाहो फोडला.

"पाणी पिऊन येते गं बायांनो," ठसकाबाईच्या आवाजात म्हणून तनुजा आत पळाली. दार लोटलं, लेकरू छातीशी घेतलं, फोन उशीला टेकवला. फोनवर लाइव्ह चालूच होतं, रिकामी खाट दिसत होती.

मग खाटेवर ठसकाबाई येऊन बसली.

तनुजा तर इथं आत होती.

"बायांनो, जाऊ नका," ठसकाबाई दबक्या आवाजात बोलली. तोच आवाज, तोच खाकरा. "लेकराला पाजून राहिली ती. तवर मी बसते. हळू बोलते, आत ऐकू जाईल."

कॅमेरा सरकू लागला.

"मी रोज बघते, कमलम्माच्या फोनवर. लई हसते. पोरीला माय न्हाई, बोलायला कुणी न्हाई. तुमच्यासंगं बोलताना मातर खुलते. म्हणून तर दुपारी मी घर सोडते. शेवया काय, वर्षाच्या कवाच झाल्यात. तिला सांगू नका बरं. लाजंल अन् बंद करील."

तनुजाला उठता येईना. लेकरू पीत होतं.

चेहऱ्यानं पडदा भरला तेव्हा कॅमेरा थांबला. रंगवलेल्या त्या डोळ्यांना पाणी यायची सोय तनुजानं केली नव्हती.

खाली एक कॉमेंट आली. "आवाज एकदम फिट्ट गं, पण आज मजा न्हाई आली. सासू कुठं अशी असती का?"