मैदानाचा पंचनामा

“शेवटचा फोन करून घ्या. गाडी निघाली की दोघाही वकिलांचे फोन बंद,” कोर्टाने नेमलेले कमिशनर साहेब म्हणाले.

वकील स्नेहलने घाईघाईने उत्तनच्या कोळीवाड्यातल्या पायसकाकांना फोन लावला. “काका, साहेब निघालेत. मैदानावर सगळं ठीक ना?”

“कालजी नको करू, वकीलबाय. पहाटपासून आख्खा गाव मैदानातच हाय. बिल्डरचा एक मानूस फिरकला न्हाय.”

तिच्या जिवात जीव आला. गेल्याच महिन्यात बिल्डरच्या माणसांनी बोंबील सुकवायचे दहा-बारा बांबूचे मांडव करवतीने कापले होते.

बिल्डरचं म्हणणं काय, तर ही जागा वर्षानुवर्षं ओसाड पडलीय, इथे कोणी मासळी सुकवतच नाही! खोटं बोलावं तरी किती माणसाने? कोळणींनी मोर्चे काढले, भर उन्हात रस्त्यात बसल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहणारी ही वकील पोरगी त्यांच्यासाठी कोर्टात उभी राहिली. आज कमिशनर जागा बघणार आणि परवा निकाल.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. शेजारी बिल्डरचा वकील निकेत निवांत च्युइंगम चघळत होता. त्याचा निवांतपणाच तिला छळत होता. मेल्याने काही करून तर ठेवलं नसेल?

“साहेब, गावकरी स्वतः सांगतीलच तुम्हाला,” ती म्हणाली.

“सांगोत की. पण मी ऐकीव लिहीत नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच पंचनाम्यात जाईल.”

“चालेल. मग बोंबीलच बोलतील.”

उत्तनला गाडी थांबली. स्नेहल आधी उतरली आणि जागच्या जागी थिजली.

मैदानात एक बांबू नव्हता, एक बोंबील नव्हता. खांबांचे खड्डेसुद्धा बुजवलेले. साहेबांनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि मोठ्याने म्हणत लिहू लागले, “जागा मोकळी. वापराची कोणतीही खूण नाही.”

स्नेहलचं डोकं फिरलं. ती निकेतच्या अंगावर धावून गेली. “तुमच्याच माणसांनी केलंय हे! एवढ्या बायकांच्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटली?”

“आईशपथ, मॅडम, मला काहीच माहीत नाही!” तोही चक्रावला होता.

तेवढ्यात चर्चच्या बाजूने गाव येताना दिसलं. सगळ्यांच्या अंगावर रविवारच्या मिस्साला, प्रार्थनेला जायचे ठेवणीतले कपडे, सगळ्यांत पुढे हार घेतलेले पायसकाका. त्यांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला, हात जोडले आणि मग हसत हसत स्नेहलच्या कानाशी आले.

“कोर्टाचा येवढा मोठा मानूस आपल्या दारात येनार, त्याला सुक्या बोंबलाचा वास येऊ देयाचा का, बाय? चालीस जनांनी मिलून सगला साफ केला!”