भारंभार गूळ

"हात वर कर," भुरीबाई नातीला म्हणाली.

सुरभीनं हात वर केले. निऱ्या खोचताना आजीचा हात कमरेपाशी थांबला.

"काय वं, आजी?"

"काही नाही. कंबर भरली तुही," म्हणत आजीनं पदर नीट केला आणि पान थुंकायला म्हणून दुकानाकडे गेली.

कमरेला, परकराच्या आत, सुरभीनं ओढणीत गुंडाळून दोन किलोचं लोखंडी वजन बांधलं होतं.

कळंबच्या चिंतामणीला तिची आई नवस बोलली होती: पोरगी जेवू लागू दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन. वडिलांनी, म्हणजे किराणा दुकानवाल्या बबनरावांनी, नवसाला स्वतःची अट जोडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या वजनाइतकाच गूळ ठेवायचा. पारडी बरोबर आली तर नागपूरचं कॉलेज. नाही तर घर.

गंमत अशी, की सुरभीच्या उपासांचं सगळ्यात जास्त कौतुक याच घरानं केलं होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. "अशी पोरगी तालुक्यात नाही," म्हणत बाया तिच्या पाया पडायच्या. उपास नसतानाही ती जेवत नाही, हे लक्षात येईपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या.

हल्ली ती घास घास खात होती. पण काट्यावर पाय ठेवायची हिंमत होत नव्हती. वजन भरलं असलं तरी भीती, नसलं तरी भीती. दोनेक किलो कमीच भरू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाडीत बसताना बबनराव कुरकुरले. "जुन्या काट्याची दोन किलोची जोडी दिसून नाही राह्यली. दोन्ही वजनं गायब! सोबत घेतली असती."

"देवाले वजनं दाखवता काय?" आजीनं दटावलं. सुरभी खिडकीबाहेर पाहू लागली.

देवळाच्या आवारात तराजू टांगला होता. आजीनं गुळाच्या पारड्यात जुन्या लुगड्याची जाड घडी अंथरली. "देवाचा गूळ कोणी उघड्या फळीवर ठेवते काय?" मग त्यावर एकेक भेली रचली.

सुरभी दुसऱ्या पारड्यात बसली. दोर करकरला. पारडी वरखाली झाली, डुलली, आणि थांबली.

बबनराव गुडघ्यावर बसले. एक डोळा मिटून त्यांनी दांडी पाहिली. मग दुसरा मिटून पाहिली.

"बरोबर," ते म्हणाले, आणि आयुष्यभर काट्यावर नजर ठेवलेल्या त्या माणसानं काट्यालाच हात जोडले.

बायांमधून कोणीतरी हळूच म्हणालं, "चिंतामणीनं तोलून देल्ली पोरगी."

गूळ वाटला गेला. पारड्यात शेवटची भेली उरली तेव्हा सुरभी आजीशेजारी येऊन बसली. हातातला खडा तिनं तोंडात घातला नव्हता.

"आजी, मी लबाडी केली. कमरेले वजन बांधून बसली. बाबांले सांगतो, नागपूर नको."

"मले मालूम हाये."

"मालूम हाये? मग काहून नाही बोलली?"

"बोलाचं कायले? ते भेली उचल आदी. अन् घडी उकल."

सुरभीनं लुगडं उलगडलं. आत जोडीतलं दुसरं वजन होतं.